छडीच्या रिक्त पदावर

नांदेड, रविवार

प्रिय रविकांत,

स्वस्ति श्री. इयत्ता चौथी 'ब' तुकडीचे एकछत्री अधिपती, खडूचूर्णविभूषित, हजेरीपटधुरंधर, शालेय खिचडीचे प्रथमास्वादक, लातूरनगरीभूषण श्रीमान रविकांत गुरुजी यांना, त्यांचा एके काळचा मराठीचा शिक्षक मृत्युंजय याचा सक्रोध नमस्कार. आशीर्वाद तूर्त राखून ठेवला आहे.

माझी भाची पुनम, धाकट्या रेणुकेची मुलगी, तुझ्याच वर्गात आहे. सहा वर्षांची असताना आमच्या कुंपणाकडे पाहून तिने स्वयंप्रेरणेने दोन ओळी रचल्या होत्या:

सरडा बसला काट्यावर, मान हलवतो,
शाळा नाही, हजेरी नाही, हो कुणाला म्हणतो?

तीस वर्षे मराठी शिकवूनही इतका मूलगामी प्रश्न मला सुचलेला नाही. पुढे प्रत्येक सुटीत आम्ही दोघे गोदावरीच्या घाटावर बसून कविता मोठ्याने वाचत असू. न पटलेली ओळ ती जागच्या जागी बदलून मूळ कवीस उपकृत करीत असे.

गेल्या रविवारी तिच्या नवव्या वाढदिवसाला मी कवितांचे सचित्र पुस्तक घेऊन लातूरला गेलो. तिने ते उघडले, पाहिले, हळूच खाली ठेवले आणि विचारले, "मामा, माझं काय चुकलं?"

मला अर्थबोध होईना. खुलासा रेणुकेने केला. तुझ्या वर्गात बोलले की कविता दहा वेळा लिहायची, उशीर झाला की वीस वेळा, डबा सांडला तर वर पाठही म्हणून दाखवायची. पुनमच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला आहे. वर्षभरात तिने एकही ओळ स्वतःची रचलेली नाही. सरडे लातुरातही असतीलच. ती आता त्यांच्याकडे पाहत नाही.

मी तुला तत्काळ दूरध्वनी केला. तू लाजला नाहीस, उलट प्रसन्न झालास. म्हणालास, "सर, मारायला बंदी हाय. मग कवितेनंच शिस्त लावून राहिलो." धन्य! शासनाने छडीला सेवानिवृत्त केले आणि तिच्या रिक्त पदावर तू कवितेची नेमणूक केलीस. उद्या फळ्यासमोर अंगठे धरायला लावण्याऐवजी चांदणे दाखवशील, म्हणजे पोरे चंद्रालाही घाबरतील. छडीचा वळ आठवड्यात जातो, रविकांत. हा वळ पुस्तक उघडताना दिसतो, आणि पुस्तक उघडलेच नाही तर जन्मभर दिसत नाही. म्हणून तर तो कुणी मोजत नाही.

इथवर माझा क्रोध शास्त्रशुद्ध होता. परंतु तुझ्या उत्तराचा उत्तरार्ध मी आतापर्यंत लिहिण्याचे टाळले. तू पुढे म्हणाला होतास, "हे तुमच्याकूनच तर शिकलो, सर." आठ दिवस मी ते नाकारीत होतो. काल आठवले. हदगावची शाळा, बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या तू खिडकीतून पाहत होतास, आणि मी तुला कविता वीस वेळा लिहायला बसवले होते. तू लिहिलीस. मी तुझ्या अक्षराची वर्गात स्तुती केली. त्याआधी तू दर शनिवारी पुढे येऊन कविता म्हणायचास. त्यानंतर कधी म्हटली नाहीस, हे मला तेव्हा दिसलेही नाही. सबब वरील सर्व दूषणे मूळ धन्याकडे परत घेतो. पत्र लिहिले ते तुला दटावण्यासाठी नव्हे, क्षमा मागण्यासाठी. ती मागण्याची सवय नसल्याने वाट लांबली. ही शिक्षा उद्यापासून बंद कर. येत्या शनिवारी मी तुझ्या वर्गात मागच्या बाकावर, पुनमशेजारी बसेन. तुला आवडेल ती कविता म्हण. चुकलास तरी चालेल. कुणालाही काहीही लिहायला लावू नकोस.

तुझाच अपराधी,
मृत्युंजय सर

ता. क. तुमच्या शाळेसमोरच्या चहावाल्याकडे माझी चष्म्याची डबी राहिली आहे. तीनदा निरोप धाडला. ती माझी नव्हेच असे तो म्हणतो, आणि तिच्यात सुपारी ठेवतो.