दक्षिण मी दाखवली

प्रिय आप्पा,

उद्या तुमचा तेरावा. कंग्राळीची सगळी भावकी इथं सांबऱ्याला माझ्या खोलीवर येणार. ‘आमचा परशा इमानास्नी वाट दावतोय’ असं तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत, ते सगळे येणार. त्यांना तोंड दाखवायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहितोय. तुम्ही समोर असतात तर माझी जीभ उचलली नसती.

आठवतं, कंग्राळीच्या सोप्यात तुम्ही विचारलं होतंत, विमानतळावर तू करतोस तरी काय? मी परात घेतली, तिच्यात पळी आडवी ठेवली. विमानात अशी गोल तबकडी असते म्हणालो. रेडिओचं स्टेशन कुठल्या बाजूला आहे ते तिच्यातली सुई दाखवते. पण सुईला उत्तर-दक्षिण कळत नाही. विमानाच्या नाकापासून किती उजवीकडं, किती डावीकडं, एवढंच ती सांगते. नाक वळलं की सुई सरकते, स्टेशन मात्र जागचं हलत नाही. म्हणून आधी होकायंत्रात बघायचं नाक कुठं आहे, आणि मग सुई वाचायची.

तुम्ही हसलात. “म्हंजे आपलं त्वांड कुणीकडं हाय त्ये आधी ठावं पायजे. असंच न्हवं?”

अगदी असंच, आप्पा. लढाई सुरू झाल्यापासून तळावरच्या नव्या शिकाऊंना मी हेच शिकवतो. नाक विसरून कुणी सुई वाचली की चारचौघांत त्याची खरडपट्टी काढतो.

आणि तुम्ही इथं, माझ्या या नव्या खोलीत गेलात, त्या दुपारी मी काय केलं?

आभाळ गच्च भरलं होतं. तुम्हाला खाली घेतलं. पाय दक्षिणेला करायचे, उशाशी दिवा लावून त्याची वातही दक्षिणेला करायची. कुणीतरी विचारलं, दक्षिण कुठं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दाराकडं तोंड करून उभा राहिलो आणि उजवा हात लांब केला. आपल्या कंग्राळीच्या घराचं दार पूर्वेला. दारात उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. खोली नवी आहे हे डोक्यातच आलं नाही.

शेजारच्या गंगाकाकू हळूच म्हणाल्या, “परशा, दक्षिण तिकडं न्हाय रं. मागल्या भितीकडं हाय.”

“काकू, मी इमानाची दिशा शिकवतोय. मला शिकवू नगा.”

असं बोललो मी, सगळ्यांदेखत, तुम्ही पुढ्यात पडलेले असताना. मी सांगितलं तसेच तुमचे पाय केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं झालं. उजवीकडच्या खिडकीतून ऊन आलं ते थेट तुमच्या दिव्यावर. वात उगवत्या सूर्याकडं तोंड करून जळत होती. या खोलीचं दार उत्तरेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

आईनं खिडकीकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं आणि आपल्या हातानं वात फिरवली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तू दावलंस तिकडंच ग्येलं असत्याल त्ये.”

तेव्हापासून घास गिळवत नाही, आप्पा. खरंच तसे गेलात का? कुणाला तरी विचारायचं होतंत. पण तुम्ही कसले विचारताय! बांधावरून वाकडा चाललो तरी शिव्या घालणारे तुम्ही, या नोकरीच्या बाबतीत मात्र मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत. एकदा तरी म्हणायचं होतंत, परशा, जरा खाली उतर.

आता उतरलोय. उद्या भावकी बसली की सगळ्यांसमोर गंगाकाकूंचे पाय धरीन आणि विचारीन, “काकू, दक्षिण कुठं?” त्या हात करतील तिकडं तोंड करून तुम्हाला हाक मारीन. तुम्ही कुठंही असा, त्या हाकेच्या रोखानं चला. या वेळी मी विचारून घेतलेलं असेल.

तुमचा,
परशा