हेमलतेचं नाक

२३ जून १९९६

खताचं दुसरं पिंप फेकावं लागलं. झाकण उघडल्याबरोबर हेमलतेनं पदर नाकाला लावला. म्हणाली, "हे मेलंय." मला काहीच कळलं नव्हतं. सत्तावीस वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काढल्यावर नाक फक्त चष्मा टेकवायला उरतं.

तोटी तपासली – तुंबलेली. तळाला काळं चिकट पाणी. बरोबर बोलली बायको! चांगल्या पिंपाला म्हणे मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा वास येतो, बिघडलेल्याला गटाराचा. आता नियम केला: हेमलतेनं वास घेतल्याशिवाय एकही पिंप गच्चीवरून खाली उतरणार नाही.

३० जून

कृती एकदा लिहून ठेवतो. तांदळाचं धुवण आंबवायचं, त्यात दूध. चार-पाच दिवसांनी वर साय-चोथा, खाली पिवळसर पाणी. ते पाणी, गूळ आणि भाताचा कोंडा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. तीन आठवडे हवाबंद. मग पिंपात बाजारातला कचरा आणि हा कोंडा, थरावर थर, दाबून. आणखी तीन आठवडे. हे जमिनीत पुरलं की माती खाऊन टाकते.

लालबाग उद्यानातल्या शेतीच्या व्याख्यानात वक्त्यानं जंतूंची परदेशी बाटली दाखवली होती. ती विकत घ्या म्हणे. कशाला? आमच्या घरात इडलीचं पीठ रोज रात्रीत फुगतं. जंतू काय विमानानंच यायला पाहिजेत?

जयनगर मार्केटमधली केळीची सालं, कोबीचा पाला, कोपऱ्यावरच्या हॉटेलातला कॉफीचा चोथा – सगळं फुकट देतात. वर आभार मानतात.

७ जुलै

सर्जापूर रोडला रत्नाबाईकडे गेलो. आमच्या दूरच्या नात्यातली. नवरा गेल्यापासून दीड एकर एकटी बघते. सगळी शेवंती, दसऱ्याच्या बाजारासाठी. पिशवीतलं खत घालून घालून माती सिमेंटसारखी झालीय. कुदळ मारली तर ठण्ण वाजते.

म्हणाली, "अण्णा, वर्षाचं हे एकच पीक. दसऱ्याला फूल नाही आलं तर मी संपले बघा."

मी म्हटलं, "मी आहे ना." पहिलं पिंप दोन वाफ्यांच्या सऱ्यांत पुरलं. कारखाना सोडल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. तिथं सगळ्यांनी मिळून मला घरी पाठवलं, कागदावर 'स्वेच्छेनं' लिहून. कसली स्वेच्छा!

२८ जुलै

तिसरं पिंप उत्तम. हेमलता म्हणाली, "लोणचं. पण जरा ताकासारखंही." इतका बारीक फरक! हिच्या नाकाला कारखान्यात तपासनीस म्हणून नेमलं असतं तर माझी नोकरी नक्कीच गेली नसती.

रत्नाबाईच्या पहिल्या दोन वाफ्यांची पानं गडद हिरवी. शेजारच्या वाफ्यांपेक्षा वीतभर वर. हात लावून बघितलं, माती भुसभुशीत. मनातल्या मनात मिशांवर ताव दिला. (मिशा नाहीत.)

११ ऑगस्ट

हेमलतेला ताप. आज सहावा दिवस. मीच भात लावतोय, खाली लागतो. चौथं पिंप तयार आहे पण नियम म्हणजे नियम. थांबलोय.

१८ ऑगस्ट

ताप उतरला. धरून धरून गच्चीवर आली. पिंपावर वाकली. बराच वेळ वाकलेलीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरंय." मी म्हटलं, लोणचं? "हो, लोणचं."

चौथं पिंप टेम्पोतून रवाना.

१ सप्टेंबर

हेमलता आजकाल माझ्याआधी गच्चीवर. पदर खोचून, कॉफीचे दोन पेले घेऊन. ताप येऊन गेल्यापासून सारात हिंग फार घालते, पण बोललो नाही. सकाळचा तो अर्धा तास चांगला जातो. पिंपं बघायची, कोंडा मुठीत दाबून बघायचा, आणि मग मी विचारायचं, "काय म्हणतंय आज?" ती सांगणार. रत्नाबाई, तिची गाय, जिन्याची मोडकी पायरी – काय काय बोलतो आम्ही. पूर्वी काय बोलायचो आठवत नाही.

८ सप्टेंबर

शेजारच्या रघुपतींचं भिंतीवरून डोकं वर. "नरसिंगराव, तुमच्या गच्चीवर काहीतरी मेलंय हो. जेवण जात नाही." पाचव्या पिंपाबद्दल बोलत होते.

हेमलतेला विचारलं. ती म्हणाली, बरंय. मी भिंतीजवळ जाऊन सांगितलं, "ह्या घरात एकच नाक चालतं, आणि ते म्हणतंय बरं आहे." रघुपती थोडे हिरमुसले. हिरमुसू देत. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मातीतलं काय कळणार?

१० सप्टेंबर

पाचवं पिंप रत्नाबाईकडे. ह्या वेळी एकदम चार वाफे, मधले, सर्वांत जोमाचे. तिचा आता पूर्ण विश्वास. शेजारचे दोघं बघून गेले, त्यांनाही पाहिजे! पुढल्या वर्षी गच्ची पुरणार नाही. मोठी जागा बघायला हवी.

२६ सप्टेंबर

रत्नाबाईचा फोन, गावातल्या दुकानातून. मधले चार वाफे पिवळे पडलेत. कळ्या मान टाकतायत.

मी म्हटलं, पाणी जास्त झालं असणार. ती म्हणाली, पाणी नेहमीचंच आहे. मी म्हटलं, नेहमीचंच जास्त आहे. शेवटी म्हणाली, "सरी, ठीक आहे अण्णा. तुम्ही म्हणता तर कमी करते." पाणी तोडायला सांगितलं.

५ ऑक्टोबर



मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. हेमलता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून डाळ निवडत होती. रघुपती धावत आले, चप्पलसुद्धा घातली नव्हती. "गॅस! गॅस सुटलाय तुमचा!" थेट आत जाऊन त्यांनी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली. गॅस सुरूच. हेमलता तिथून दोन हातांवर बसलेली, मांडीवर डाळीचं ताट. देवघरात समई लावलेली होती.

मला वास येत नाही हे जगाला माहीत आहे. पण तिला?

रघुपती गेल्यावर विचारलं. ताटातली डाळ इकडून तिकडे करत म्हणाली, "तापापासून येत नाही. कसलाच."

चौथं पिंप नशिबानं चांगलं निघालं असणार. पाचवं – रघुपती खरं बोलत होते. मेलेलं पिंप मी रत्नाबाईच्या मुळांपाशी पुरलं. वर तिचं पाणी तोडलं.

हेमलतेवर ओरडलो. फार ओरडलो. एका बाईचं वर्षाचं पीक घालवलंस म्हणालो. ती उठून आत गेली.

६ ऑक्टोबर

पहिल्या बसनं सर्जापूर रोड. चारही वाफे गेले. रोप उपटलं तर मुळं काळी, बोटाला चिकटणारी. बाकीच्या वाफ्यांवर कळ्या आहेत – तेवढ्यावर कसाबसा दसरा निघेल, पण निम्म्या कमाईचा.

सांगितलं सगळं. चूक माझी, पाण्याची नाही. रत्नाबाई बांधावर बसली. रडली नाही. म्हणाली, "मला वास आलेला अण्णा. झाकण काढलं तेव्हाच. गडी पण बोलला, नको घालू. पण तुम्ही म्हणालात, अक्कानं बघितलंय. मग माझं नाक काय मोठं लागून गेलं?"

वाफे मोकळे करायला संध्याकाळपर्यंत तिच्याबरोबर राबलो. रोज येईन म्हणालो. पुढच्या हंगामाची रोपं मी लावून देणार, आणि झाकण तिनं स्वतः उघडायचं.

७ ऑक्टोबर

रघुपतींकडे जाऊन माफी मागितली. सहावं पिंप बघायला वर आले. वास घेऊन म्हणाले, "हे छान आहे हो. लोणच्यासारखं." म्हणजे काम थांबायचं कारण नाही. कृतीत खोट नव्हतीच, पाचव्या पिंपाची तोटीच पुन्हा तुंबलेली निघाली. रोज सकाळी येऊन बघेन म्हणाले. प्रश्न सुटला. आता हेमलतेला जिने चढायचा त्रास नको.

८ ऑक्टोबर

रघुपती येऊन गेले. मी खाली आलो तर हेमलता दोन पेले कॉफी करून जिन्यातच बसलेली. कॉफी गार. विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस?

म्हणाली, "बत्तीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा काहीतरी विचारत होता. वास येत नाही म्हटलं असतं, तर मला वर बोलावलं असतंत?"

नसतं बोलावलं.