देवाजवळची बाटली

॥ श्री ॥
९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल काल सुखरूप पोचलं. कापसात गुंडाळलेली बाटली पाहून हे म्हणाले की परदेशी घड्याळंसुद्धा आमच्या दुकानात इतक्या लाडानं येत नाहीत. तू औषधांच्या दुकानात नोकरीला लागलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं, ते शब्द आज परत घेते. इथे गावात हे औषध डोळ्यांनीसुद्धा दिसत नाही.

नाव मी तीनदा लिहून पाठ केलं. कॅनॅबिडिऑल. पण वन्संच्या कानावर गेलंच, आणि त्या तडक येऊन बसल्या. भाऊ गेला घड्याळांत, भावजय गेली देवात, म्हणून आता पोरीला गांजा पाजणार का, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी जे मला सांगितलं तेच मी त्यांना सांगितलं, की झाड त्याच जातीचं असलं तरी नशा चढवणारा भाग यात नाही, आणि आधीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आहेत. त्यावर त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि जरा हिरमुसल्या. बहुतेक काहीतरी भारी निघेल अशी आशा होती.

भिंगरीला सोळावं लागलं तरी दिवसाला चार-पाच झटके ठरलेले. लहानपणी अंगणात गरगर फिरायची म्हणून ते नाव ठेवलं, आता उभी राहिली तरी मी मागे हात धरून असते. माझी वही तुला माहीत आहे. एका रकान्यात औषध, दुसऱ्यात झटके, आणि ह्यांनी घड्याळ लावून मोजलेली मिनिटं. अकरा वर्षांत एकही दिवस सुटलेला नाही. देवाकडे मी दुसरं काही मागत नाही. एक पान शून्यांचं दे, एका महिन्याचं, एवढंच.

पहिला डोस काल देवापुढे बाटली ठेवून मगच दिला.

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, आणि पत्रात काटकसर नको, ती माझ्याकडे सोपव.

तुझी ताई


॥ श्री ॥
२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात एकटीच हसत होते. वन्संना सांग, पुढच्या खेपेला भारी काही मिळालं तर कळवीन.

आता जरा मी मोठी बहीण आहे असं समजून ऐक. डोस जेवणानंतरच, रोज त्याच वेळी. सिरिंजवरच्या रेघेला बरोबर. पहिले काही दिवस तिला झोप जास्त येईल, भूक मंदावेल. असं झालं तर आपल्या मनानं कमी करू नकोस, डॉक्टरीणबाईंना विचार. रक्ताची तपासणी चुकवू नकोस. बाकी सगळं बाटलीवरच्या चिठ्ठीत छापलेलं आहे, चष्मा लावून वाच.

आणि एक. आई तेलाची बाटली संपली की दुसऱ्या बाटलीवर उलटी टेकवून रात्रभर निथळत ठेवायची, आणि सकाळी आपल्या दोघींना बोलावून दाखवायची की बघा, एक फोडणी निघाली. तू तिच्याही वरताण आहेस. निदान या बाटल्यांना उलटं टांगू नकोस, बिचाऱ्यांना चक्कर येईल.

भिंगरीला पापा. आहे तसाच लोभ पुढेही राहू दे.

तुझी धाकटी


॥ श्री ॥
१८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मुद्दाम इतके दिवस लिहिलं नाही. दृष्ट लागेल असं वाटत होतं. पण आता पोटात मावत नाही.

मार्चच्या पानावर बावीस शून्यं आली. बावीस. मी ती दोनदा मोजली, मग ह्यांना मोजायला लावली. बाकीच्या दिवशीसुद्धा एखादाच, तोही अर्ध्या मिनिटाचा. भिंगरी सकाळी ह्यांच्याबरोबर दुकानात जाते आणि जुने पट्टे रंगांप्रमाणे लावते. काळे आणि तपकिरी मिसळले तर ह्यांना रागावते. रागावते म्हणजे हाताला धरून, बाबा, असं म्हणते. सात वर्षांनी तो शब्द परत आला. हे त्या दिवशी गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडं टाकून मागच्या खोलीत जाऊन बसले.

दवाखान्याच्या बाकावर एक इस्त्रीवाली भेटते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही हेच दुखणं आहे. ती भिंगरीकडे टक लावून बघत असते, जणू तिची मुलगी मोठी होऊन समोर बसली आहे. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या की या ताईंची वही वर्षाअखेर बघू, गुण टिकला तर तुमच्या मुलीलाही सुरू करू. तेव्हापासून ती भिंगरीचा फ्रॉक फुकट इस्त्री करून देते. मी नको म्हटलं तर रुसते.

रिकाम्या बाटल्या फार छान आहेत. पाण्यात भिजवून चिठ्ठ्या काढल्या, एकीत बटणं भरली, एकीत सुया. आणि एक देवाजवळ ठेवली आहे. ती कशाला, ते विचारू नकोस, हसशील.

लोभाचं सांगायला नको, तो दोघींच्या अंगातच आहे.

तुझी ताई


॥ श्री ॥
२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. माल यायला उशीर झाला, पण पाच तारखेला बाटली माझ्या हातात पडेल. आमच्या दुकानातला हिशेबनीस चोवीस तारखेला तुमच्याच गावी लग्नाला येणार आहे. त्याच्याबरोबर पाठवली तर हातोहात मिळेल. पण तुझी आधीची बाटली नऊ-दहा तारखेला संपत असणार. तसं असेल तर मी कुरिअर करते, तीन दिवसांत पोचेल. भीड धरू नकोस, उलट टपाली कळव.

लोभात खंड नको.

तुझी धाकटी


॥ श्री ॥
५ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कुरिअर नको. तू आधीच आमच्यासाठी किती करतेस, आणि वाटेत बाटली फुटली तर दोघींना हळहळ. माझ्याकडे शिल्लक आहे. चोवीसपर्यंत मी सहज पुरवीन. पुरवण्यात तुझी ताई कधी हरली आहे का?

मेच्या पानावर एकोणतीस शून्यं आहेत. दोनच दिवस राहिले. जूनचं पान कालपर्यंत कोरं पांढरं, सगळी शून्यं. मला वाटतं देवानं हाच महिना ठरवला आहे.

लोभ आहेच. हिशेबनिसाला म्हणावं, लग्नाआधी आमच्याकडे जेवायचं.

तुझी ताई


२३ जून

सौ. धाकटीस,

वर श्री लिहिलं नाही, त्यावरून तू समजशील. भिंगरी काल गेली.

परवा दुपारी दुकानातच झटका आला. पट्ट्यांचं खोकं मांडीवर होतं. थांबेना. दवाखान्यात पोचेपर्यंत सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. घड्याळ माझ्या हातात होतं. काल पहाटे संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वहीत रोज औषध दिल्याची नोंद आहे आणि तरी चौदा तारखेपासून झटके वाढत गेलेले दिसतात, म्हणजे औषधाचा गुण ओसरला असावा. असं काही जणांत होतं म्हणे. चौदापासूनचं मला ठाऊक नव्हतं. ते घरात होत होते, मी दुकानात होतो.

तुझी ताई बोलत नाही. जमलं तर ये.

तुझा भावजी


॥ श्री ॥
१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परत येऊन चार दिवस झाले. समोर बसून जे बोलता आलं नाही ते लिहिते.

तिथे असताना एक दिवस मी देवाचा कोनाडा पुसला. समईच्या मागे ती बाटली होती. चिठ्ठी नव्हती. तळाला थेंबभर औषध होतं, बाटली हाताला कोमट लागली. मी वास घेतला आणि परत तशीच ठेवली. तू दारात उभी होतीस.

बाटली उघडल्यावर बारा आठवड्यांत संपवायची असते. उजेड आणि ऊब दोन्हींपासून लांब ठेवायची असते. हे सगळं त्या चिठ्ठीवर होतं. आणि मी, जी रोज शंभर गिऱ्हाइकांना हे तोंडानं सांगते, तुला लिहिलं की चष्मा लावून वाच. वर बाटल्या उलट्या टांगण्याची चेष्टा केली. चेष्टा केल्यावर तू मला कसं सांगणार होतीस?

पाच तारखेपासून नवी बाटली माझ्या कपाटात होती. रोज सकाळी साडी काढताना दिसायची. ताई शिल्लक आहे म्हणते म्हणजे आहे, असं म्हणून मी कपाट लावत होते. तुझी शिल्लक कशी साठते ते मला लहानपणापासून माहीत आहे, तरी.

मी काही विचारत नाही. तुला लिहावंसं वाटलं तर लिही. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी धाकटी


॥ श्री ॥
२० जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलं नाहीस म्हणून सांगू शकते.

पाच बाटल्यांचा तळ मी निथळून त्या बाटलीत जमवला होता. मेमध्ये भिंगरी इतकी बरी होती, की काही दिवस रेघेच्या जरा खालीच भरलं आणि उरलेलं तिथे टाकलं. अडीअडचणीला असावं म्हणून. देवाजवळ ठेवलं तर खराब होणार नाही अशी माझी समजूत. समई दिवसभर तेवत असते, हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. चालू बाटली नऊ तारखेला संपली. साठवलेलं सहा दिवसांचं होतं. मी ते अर्धं अर्धं करून बारा दिवस पुरवलं. चौदा तारखेला पहिला झटका आला तेव्हा वाटलं, दहाच दिवस राहिले, निभेल. सोळाला तीन आले. मी वहीत लिहिले, कारण झटके चोरायचे नाहीत हा माझा नेम. पण औषधाच्या रकान्यात रोजच्यासारखं दिलं असंच लिहिलं. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच पावली तुला फोन केला असता.

तू गेल्यावर इस्त्रीवाली आली होती. भिंगरीचा निळा फ्रॉक तिच्याकडे राहिला होता, तो इस्त्री करून आणला. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली की डॉक्टरीणबाईंनी तिच्या मुलीला औषध सुरू करायचं रद्द केलंय, तुमच्या मुलीला गुण टिकला नाही म्हणून. ती मला दोष द्यायला आली नव्हती. माझं सांत्वन करून गेली. मी फ्रॉक हातात घेऊन उभी राहिले.

रात्रभर वाट बघितली की देव काही सुचवेल. त्याला काय सुचवायचं होतं, मलाच ठाऊक होतं. सकाळी ह्यांना आधी सांगितलं. ते उठून कोनाड्यापाशी गेले. मग म्हणाले की ती बाटली ते रोज बघत होते, तीर्थ असेल असं समजत होते. दोन दिवस दुकानातच जेवले. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि पाट मांडले, दोन. तिसरा चुकून उचलला होता, तो परत भिंतीला टेकवला.

मग वही घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंसमोर दहा ते एकवीस जूनच्या प्रत्येक ओळीवरचा ‘दिलं’ हा शब्द खोडला आणि लिहिलं, अर्धं, जुनं, आईच्या हातून. बारा वेळा लिहिलं. मेच्या पानावरही खूण केली. त्या म्हणाल्या की हा आजार असाही घात करतो, नक्की काय झालं ते कोणी सांगू शकणार नाही. मी म्हटलं, ते देव आणि मी बघून घेऊ, तुम्ही औषधाला दोष देऊ नका. तू आणलेली बाटली सीलबंद होती, ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

काल इस्त्रीवालीच्या मुलीला पहिला डोस दिला. मला तिथे जायचं नव्हतं, पण तिनं बोलावलं. माझ्याकडे बघत नव्हती, बाटलीकडे बघत होती. सगळं कळल्यावर राग असेल, असायलाच हवा. तरी कसं ठेवायचं ते मलाच विचारलं. मी सांगितलं की चिठ्ठी काढायची नाही, उघडल्याची तारीख वर लिहायची, कपाटात ठेवायची, देवाजवळ नाही. रेघेला बरोबर. कमी पडतंय असं वाटलं तर त्याच दिवशी तोंड उघडायचं. तिनं विचारलं की तळाला राहतं त्याचं काय करायचं. ती माझ्यासारखीच आहे, कोळशाची राखसुद्धा भांडी घासायला ठेवणारी.

मी म्हटलं, टाकून द्यायचं.

धाकटे, उभ्या आयुष्यात हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले.

वही डॉक्टरीणबाईंकडेच ठेवून आले. तुझ्यावर राग नाही. होता तोवर लिहिलं नाही. लोभ ठेव, आणि साठवून ठेवू नकोस, आहे तोवर येऊन जा.

तुझी ताई