हळदीचा अंगठा

पुणे, मंगळवार

प्रिय आईस, करुणाचा येशूच्या नावात सलाम.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून लिहून राहिले. दादाची रुथ वाचून दाखवील. रुथे, एक शब्द बी गाळू नको.

दवाखाना चांगला हाय. मी येळेवर जेवते. ट्रॅक्टर उलटल्यापासून ह्यांनी डोळे उघडले न्हाईत. डॉक्टर रोज ‘बघू’ म्हणतात. लेकरानं विचारलं तर सांग, बाबा झोपलेत. ते काही खोटं न्हाई.

वसमतला गाडीत बसताना तू आपलं पवित्र शास्त्र हातात दिलंस. म्हणालीस, “मला वाचता येत न्हाई, पण ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ ह्या स्तोत्रावर अंगठा लावलाय. तेच वाच.” हळद शिजवून आलेला तुझा पिवळा अंगठा! आई, तू एक पान चुकलीस. तो आधीच्या स्तोत्रावर हाय. तिथं माणूस ओरडून देवालाच विचारतो, मला काहून सोडलंस?

आधी तुझाच राग आला. नऊ दिवस माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती, नुसतं ‘काहून’ निघायचं. मग कळलं, ते बी शास्त्रात हाय, अन् देवालाच म्हणलेलं हाय. तवापासून तेच ह्यांच्या कानात वाचून राहिले.

गुडघ्याला तेल लावतीस का?

मेंढपाळाचं पुढच्याच पानावर हाय. तिथवर माझ्यानं जाववत न्हाई. तुला तोंडपाठ हाय ना? आज आमच्यासाठी तूच म्हण.

तुझ्या अंगठ्यावर बोट ठेवून बसलेली,
करुणा