नाकावर भिस्त

१८ मार्च, मंगळवार

सकाळी नऊ ते रात्री आठ, मसाल्याच्या कढईपुढे उभी. मालवणी सहा, आगरी दोन, गोडा एक. लालबागला आता गर्दी सुरू झाली. पाय शिवडीपर्यंत चालत जाऊन आल्यासारखे दुखतात.

प्राचीने मोबाईलमध्ये काहीतरी भरून दिलंय. तिच्या हापिसात लोकांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग साफ करतात, पॉडकास्ट. आता वाइनवाल्यांचे चालू आहेत. नाशिककडचे, मराठीतच बोलतात. म्हणाली, "आई, भाजताना ऐक आणि कुठे बोअर होतं ते सांग." फुकटची नोकरी. मी म्हटलं, दारू बनवणाऱ्यांचं काय ऐकायचं? आमच्या बापाने मिलच्या पगाराची काय विल्हेवाट लावली ते मला ठाऊक आहे. तरी एका कानात घातलं.

अर्धा तास एक माणूस नुसता वासाबद्दल बोलत होता. बोअर झालं नाही. रडू आलं, ते मिरचीच्या नावावर खपलं.

२१ मार्च, शुक्रवार

इथे तरी खरं लिहावं. जानेवारीच्या तापानंतर वास येत नाही. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. अडीच महिने झाले. लवंग नाही, हिंग नाही, नाल्याचासुद्धा नाही.

दुकानात कोणाला कळलेलं नाही. मिरचीचा ठसका अजून लागतो, खोकते सगळ्यांसारखी. धणे तडतडण्यावरून कळतात, तीळ फुटण्यावरून. खसखस रंगावर. बावीस वर्षं झालीत, हाताला कळतं. पण कुठली वस्तू जुनी, कुठली कुबट, ते फक्त नाकाला कळतं. तिथे मी अंदाजाने चाललेय.

मालकांना सांगितलं तर? "सुषमाताईंनी हो म्हटल्याशिवाय कढई उतरत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. लहान होते तेव्हापासून बघतायत मला. कामावरून काढणार नाहीत, पाकिटं बांधायला बसवतील. मान देऊन बसवतील. तेच नको.

२७ मार्च, गुरुवार

आजची वाइनवाली बाई फार आवडली. तिचं म्हणणं, पहिला वास खरा. दुसऱ्यांदा हुंगलं की मन मध्ये बोलायला लागतं. अगदी बरोबर. मी हे कधी कोणाला सांगू शकले नसते, पण वर्षानुवर्षं असंच करत आले. जगात आणखी कोणी आहे नाकाला एवढं मानणारं. आणि भेटलं कधी, तर आत्ता.

मुलाखत घेणारा मधेमधे उगाच हसतो. प्राचीला सांगितलं, तिथे बोअर होतं.

२ एप्रिल, बुधवार

प्राचीने हापिसातून वाइनची छोटी बाटली आणली. "एवढं ऐकतेस, एकदा बघ तरी." तिचा बाप असता तर दोघींना घराबाहेर काढलं असतं. स्टीलच्या फुलपात्रात घेतली. नाकाशी नेली. पाणी. जिभेला नुसतं आंबट.

तोंडातून निघून गेलं, "आधी फुलासारखा येतो, मागे जरा ओली माती." त्या बाईचेच शब्द. पोरगी खूश. "आई, तुझं नाक भारीच आहे!" हापिसात सांगणार म्हणे.

किती सहज खोटं बोलले.

६ एप्रिल, रविवार

आता सवयच लागतेय. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मावशी, दगडफूल चांगलं आहे ना?" मी मूठभर घेऊन हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, "पावसाळी आहे, पण शेवट गोड आहे." तो बरोबर आलेल्या वहिनीला म्हणाला, "बघ, ह्यांना किती कळतं." पूर्वी मी नुसतं "हो" किंवा "फेका" म्हणायचे. कळत होतं तेव्हा बोलायची गरज नव्हती.

घसा बसलाय. झोपते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दुकानाला सुट्टी घेतली. चाळीत निळे झेंडे, सकाळपासून गाणी. वंदनेला उभी राहिले. उदबत्ती कधी लावली ते कळलं नाही, धूर दिसला तेव्हा कळलं. खीर मी केली. सगळे म्हणाले मस्त. मला नुसतं गोड आणि गरम लागलं.

संध्याकाळी घोटाळा झाला. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि मी बाजूला भाजी निवडत बसले होते. प्राची दारातूनच ओरडली, "आई, गॅस! वेडी आहेस का?" खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर काढला. मग माझ्यापुढे उभी राहिली. "तुला वास आला नाही?" मी नाही म्हणून मान हलवली. "कधीपासून?" सांगितलं.

खूप बोलली. मग रडली. वाइनच्या दिवशीचं आठवलं असणार, त्याबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल, गुरुवार

परळच्या हॉस्पिटलात गेलो. अर्धा दिवस बाकड्यावर गेला, दुकानात दात दुखतो सांगितलं होतं. डॉक्टर तरुण, चांगली होती. वास परत येईलही, नाही पण येणार. महिने लागतात. उपाय काय, तर दिवसातून दोनदा लवंग हुंगायची. लिंबू, गुलाब, निलगिरी पण. मी म्हटलं, "मॅडम, मी दिवसाला चार किलो लवंग भाजते." ती हसली. म्हणाली, भाजताना नाही, लक्ष देऊन हुंगा. आठवून आठवून.

प्राचीने चार डब्या करून ठेवल्या. सकाळी हुंगते. लवंग आठवते. येत नाही.

प्राची म्हणते मालकांना सांग. म्हटलं सीझन संपू दे. "तोपर्यंत कोणाचं काय खराब केलंस तर?" भांडी घासायला उठले.

२४ एप्रिल, गुरुवार

आज एक म्हातारा वाइनवाला होता. एका वर्षी त्याच्या किती तरी बाटल्या आतून बिघडल्या. बुचांमुळे. बाहेरून काही दिसत नाही. लोकांनी घरी नेल्या, पाहुणे बोलावले, उघडल्यावर कळलं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, मग काय केलं? म्हातारा बराच वेळ गप्प होता. प्राचीने ती गप्प राहिलेली जागा कापली नाही, हे बरं केलं. मग म्हणाला, "प्रत्येकाला फोन केला. लाज वाटत होती, पण केला."

पुढचं ऐकलंच नाही, बंद केलं. डोकं दुखत होतं.

२९ एप्रिल, मंगळवार

दामलेबाई आल्या होत्या. गिरगावहून दरवर्षी टॅक्सीने येतात. पंचाहत्तरीच्या पुढे असतील. वर्षाचा गोडा मसाला, दुसऱ्या कोणाच्या हातचा चालत नाही. सामान घरून आणतात आणि कढईशेजारी स्टुलावर बसून राहतात, जिन्नस नजरेआड होऊ देत नाहीत. खोबरं ह्या वेळी नणंदेने अलिबागहून पाठवलेलं.

शेजारच्या कढईत मिरची होती, सगळे खोकत होते. मी किस टाकला. रंग हवा तसा आला. बाई म्हणाल्या, "बघ गं, कसं आहे?" मी वाकून हुंगल्यासारखं केलं. "छान आहे बाई. जरा मातीकडे झुकतंय, पण उतरेल."

त्या हसल्या. मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "तू म्हणतेस ना, मग झालं. मला कुठे काय कळतंय? तीन वर्षं झाली, नाक पार गेलंय माझं. घरात बोलले नाही. सुनेला कळलं तर ओट्यापाशी उभं राहू देणार नाही. तू आहेस म्हणून चाललंय सगळं."

खोबरं लाल होत चाललेलं, ते काही कोणासाठी थांबत नाही. एकदा वाटलं बाईंना सांगावं, बाई, माझंही तेच. दोघी हसलो असतो. आणि मसाला? तो कोण हुंगणार होतं?

कढई उतरवली. ओरडले, "मालक, जरा इकडे या. हे खोबरं हुंगा."

झारे थांबले सगळ्यांचे. बावीस वर्षांत मी कोणाला हुंगायला बोलावलं नव्हतं. मालकांना वाटलं मस्करी. आले, चिमूटभर घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. "सुषमाताई, खवट आहे हे. चांगलंच खवट आहे."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी कढईकडे.

मालकांनी दुकानातलं खोबरं दिलं, स्वतः हुंगून. पुन्हा किसलं, भाजलं, कुटून झालं. बाईंना टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. आत बसल्यावर माझा हात धरला. "माझं कुठे बोलू नकोस हं." तुझं काय झालं, हे विचारलं नाही. विचारायचं सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल.

दुकान बंद करताना मालक म्हणाले, "उद्या दहाला या. निवांत बोलू." रोज नऊला जाते मी.

प्राचीला सगळं सांगितलं. ती शेजारी येऊन बसली.

३० एप्रिल, बुधवार

सकाळ. चहा झाला. नऊ वाजून गेले आणि मी घरी, हे चाळीतल्या बायकांना चमत्कारिक वाटतंय. "सुट्टी का?" म्हटलं हो.

प्राची येते म्हणत होती बरोबर. नको म्हटलं. काढून टाकतील असं वाटत नाही. पाकिटांवर बसवलं तर बसेन, त्याची काल रात्रीपर्यंत भीती होती, आता तेवढी नाही.

दामलेबाईंचा मसाला वाचला, कारण त्या बोलल्या. जानेवारीपासून मी गोडा किती जणांचा केला? भायखळ्याच्या त्या जुळ्यांच्या आईचा. चिंचपोकळीचे मास्तर, बायको गेल्यावर पहिल्यांदाच स्वतः यादी घेऊन आले होते. वरळीची ती लग्नघरवाली. सगळ्यांना मी "छान आहे" म्हटलं. सगळ्यांनी बरण्या भरून ठेवल्या असतील.

मालकांच्या वहीत सगळ्यांचे फोन नंबर आहेत. मी मागितली तर देतील. मग दुकानाच्या नावाचं काय, असंही विचारतील, आणि ते चुकीचं नाही.

पावणेदहा. चप्पल घातली आहे. वही मागायची की नाही ते अजून ठरत नाही.