पांगाऱ्याची हिरवी फांदी

आबा, तुमचा पांगारा आता पुरता हिरवा झालाय. पिवळी रेघ म्हणून एका पानावर उरली नाही. भडगावच्या घरासमोरून जाणारी माणसं थांबून म्हणतात, "काय जोमदार झाड वाढवलंय हो अक्का!" मी हसून मान हलवते. त्यांना काय सांगू, कपाळ?

जन्मभर तुम्ही लोकांच्या बागा राखल्यात, स्वतःसाठी हे एकच झाड लावलंत. कुण्या बंगल्यातून हातभर फांदी मागून आणलेली, पानापानावर पिवळ्या रेघा. त्याला मधूनच एखादी नुसती हिरवी फांदी फुटायची. मी दहा-अकरा वर्षांची असेन, तशी एक फांदी मला कापायला लावलीत आणि मी बोटभर खुंट राखला. केवढे ओरडलात! "खुंट काब्रं ठेवा? तठून पुन्हा हिरवंच फुटी. हिरवी फांदी जोरमा वाढस, पोरी, बठ्ठं झाड खाई जास." मग सगळं झाड वाचवायला फांदी खोडालगत पुन्हा कापून घेतलंत. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही झाडाची कात्री. "लगीनमा कात्री देतस का कोनी?" म्हणून आत्या दिवसभर फुगून बसली होती. मी मात्र ती धुळ्याला नेली, जपली. अजून आहे.

तुमची उजवी बाजू गेली तेव्हा मी रजा टाकून धुळ्याहून आले. आई नव्हती, मी एकटीच. मे महिना, पत्रे तापलेले, तुमच्या पाठीला जखमा. अंथरूण बदलते आहे, जखमा धुते आहे, आणि तुम्ही डोळे उघडून पहिलं विचारता, "कापी का ती फांदी?" पडायच्या आदल्या दिवशी तुम्ही ती हेरून ठेवली होतीत ना. माझी आठवण नाही, फांदीची आहे! असा संताप यायचा, आबा. कात्री घेऊन मी गेलेही होते एकदा. रेघांची पानं उन्हानं करपून कडांना काळी पडलेली आणि ती एकटी फांदी हिरवीगार. त्या घरात मला एक तरी धडधाकट गोष्ट दिसायला हवी होती. न कापता तशीच परत आले आणि म्हटलं, "कापी, आबा."

तुम्ही खूश झालात. तिथंच फसले मी. दुसऱ्या दिवसापासून तुमचं एकच, "माले भाईर ली चाल, झाड देखनं शे." शेजारचे दोघं खाट उचलायला तयार होते. तुम्ही दारातून बघितलं असतं तरी ती फांदी तुम्हाला दिसली असती. मी रोज म्हणायचे, ऊन फार आहे, उद्या नेते. चोरून कापायचं म्हटलं तर महिनाभरात ती मनगटाएवढी झालेली, करवत लागली असती, तुम्हाला आवाज गेला असता. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि भिंतीकडे तोंड करायचात. शेवटच्या दिवशीही विचारलंत, आणि मी तेच उत्तर दिलं.

हे पत्र कुठं पाठवायचं, आणि कोणाला? कात्रीच्या डब्यात ठेवते. पण एक सांगते, आबा. त्या शेवटच्या दिवशी आषाढाचं आभाळ भरून आलं होतं. ऊन नव्हतंच.