धुकेरीच्या नकाशाची नक्कल

निपाणी, ता. ३ मार्च १९८६

चि. परशरामास मालूआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वैशाखात सिद्रामअण्णा घर सोडून जाऊन बारा वर्षं होतात, म्हणून भावकूकाकांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची ठरवली, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. अण्णा गेल्याचं कुणी पाहिलं का? आणि जयावहिनीनं कुंकू पुसायचं?

त्यातच परवा शेजारच्या भरमू मास्तरांच्या मुली ओसरीवर फासे टाकत होत्या. पटाकडे पाहिलं आणि खेळ थांबवून तो हातात घेतला. आपला धुकेरीचा मुलूख! लहानपणी अण्णानं मनानं रचून काढलेला नकाशा, तोच. सात खिंडी, राक्षसाचा बाजार, आणि तू रडून मागून घेतलेला पांगळ्या घोड्यांचा तबेला. मास्तरांनी हुबळीच्या एका दुकानातून आणला म्हणे. त्र्याहत्तर साली नोकरीला लागल्या लागल्या तू ऑफिसात चोरून अमोनियाच्या प्रती काढल्या होत्यास, त्यातलीच एखादी फिरत आली असणार. पोरींनी वर पेनानं बरंच गिरगटलंय. मागून घेऊन पाठवते आहे. जेवत जा वेळेवर.

तुझी आक्का


वडगाव, बेळगाव, ता. १० मार्च

ती. आक्कास परशरामचा शि. सा. न. वि. वि.

वेळेवर जेवायचं सांगतेस आणि असलं पाकीट पाठवतेस! आक्का, ही माझी प्रत नव्हे. अमोनियाच्या प्रतीला निळ्या-जांभळ्या रेघा असतात आणि जुनी झाली की ती पिवळी पडते. तेरा वर्षं नकाशांच्या खोलीत तोच वास नाकात घेऊन बसलोय. ही काळी आहे, घडीवर नखानं खरवडलं की भुकटी सुटते. ही झेरॉक्स. असलं मशीन मी बेळगावात पहिल्यांदा पाहिलं ते त्र्याऐंशी साली.

आणखी एक. माझ्या प्रती ट्रेसिंगच्या कागदावर गिरवून काढलेल्या, रेघांमागे कोऱ्या. हिच्यात रेघांमागे पुसट चौकटी उमटल्यात, आपले आप्पा मागावरच्या साडीच्या किनारीची नक्षी काढायचे, त्या कागदाच्या. त्या कागदावरचा मूळ नकाशा एकच होता आणि तो अण्णानं जाताना नेला, म्हणजे ही नक्कल तो गेल्यावर निघाली.

काकांना दाखवलं. कागुद ऱ्हायला म्हून मानूस ऱ्हायला असं न्हाय रं, असं म्हणाले आणि भटजींकडे गेले.

तुझा लाडका आणि हट्टी,
परशराम


निपाणी, ता. १६ मार्च

चि. परशरामास अ. उ. आशीर्वाद.

मास्तरांच्या मुलींना मी पुन्हा गाठलं. काय काय गिरगटलं ते एकेक विचारलं. फुलं आमची, माशा आमच्या म्हणाल्या. पण समुद्रातला सुगंधागड आम्ही काढला न्हाय, तो आधीपास्नं हाय, असं दोघीही शपथेवर सांगतात. मी तो पोरींचाच धरला होता. आपल्या लहानपणच्या नकाशात असा गड नव्हता. तू नीट बघ आणि लगेच कळव. पोस्टकार्ड चालेल.

आक्का


वडगाव, ता. २१ मार्च

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

ओल्या कापसानं पुसून पाहिलं. फुलं पसरली, माशा पसरल्या, सुगंधागड जागचा हलला नाही. म्हणजे तो नक्कल निघण्याआधीपासून मूळ नकाशावर आहे. अक्षर अण्णाचं, तू डोळे मिटून ओळखशील.

आता आठव. अण्णा गेला तेव्हा वहिनीला चौथा महिना होता. पोरीला घरात गंगव्वा म्हणायचे. ऐंशी साली शाळेत घालताना तू सुगंधा नाव सुचवलंस. म्हणजे अण्णा त्यानंतर जिवंत होता, आणि त्याला घरची बातमी होती! बारा वर्षं शेवटच्या बातमीपासून मोजायची, हे काकांनीच कबूल केलं. क्रिया रद्द. मी पुढच्या रविवारी हुबळीला निघतो, दुकान शोधतो.

वहिनीला सांगितलं तेव्हा आधी हसल्या, मग नकाशा घेऊन आत गेल्या. इतकी आनंदाची गोष्ट, मला काही समजत नाही.

परशराम


वडगाव, ता. २२ मार्च

ती. मालूवन्संना जयाचा शि. सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून दचकू नका. सुगंधा बरी आहे, तिला मी काही बोललेले नाही.

इतकी वर्षं वाटायचं, ते आजारी पडले असतील, वाट चुकले असतील, कुणी डांबून ठेवलं असेल. एकेका शंकेला मी एकेक उपास धरला होता. काल ते सगळे सोडले, पोटभर जेवले. त्यांना उदंड आयुष्य मिळो. कुंकू मी लावणार, मला शोभतं म्हणून.

भाऊजी माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. त्यांना हुबळीला जाऊ देऊ नका. ज्यांना लेकीचं शाळेतलं नाव ठाऊक आहे, त्यांना वडगावची वाट कुणी दाखवावी लागत नाही.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहेच, वेगळी मागत नाही.

तुमची जया